पहिली फिल्म सोसायटी कोलकात्याची नव्हे

भारतातली पहिली फिल्म सोसायटी (सभासदांना चित्रपट दाखवून त्यांवर चर्चा करणारी संस्था) सत्यजित राय यांनी 1947 मध्ये कोलकात्यात काढली, असं अजूनही बिनदिक्कत छापलं जातं. ते खरं नाही. मुंबईत 1937 मध्येच ॲमॅच्युअर सिने सोसायटी सुरू झाली होती आणि 1942 मध्ये बॉम्बे फिल्म सोसायटी. मुंबईच्या या मंडळींचं नावही कुणी घेत नाही, हे मला खटकतं.

कोलकात्याची संस्थाही एकट्या रायांची नव्हती. समीक्षक चिदानंद दासगुप्ता, कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त, माहितीपटकार हरिसाधन दासगुप्ता हे बरोबरीने होते. पहिला चित्रपट दाखवला तो सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइनचा ‘बॅटलशिप पोटेमकिन’. हक्काची जागा नसल्याने बैठका कुणाच्या तरी घरी भरत. एका घरमालकाला सिनेमावाल्यांची ये-जा मुळीच पसंत नव्हती. तरी याच बैठकांत चित्रपटाच्या बांधणीवर कसून चर्चा होई. बंगालमधल्या गंभीर चित्रपट-समीक्षेला तिथे मोठं बळ मिळालं, आणि हे श्रेय कोलकात्याचंच.

कोलकात्याची सोसायटी अखंड चालली, हाही गैरसमज. पाचेक वर्षांत काम थंडावलं, 1956 मध्ये पुन्हा जोर धरला. 1959 मध्ये देशभरातल्या सोसायट्यांचं फेडरेशन झालं. राय त्याचे पहिले अध्यक्ष. बहुधा तिथूनच ‘पहिले’ हा शब्द सोसायटीला चिकटला असावा.