कर्नलने ‘नाही’ म्हणायलाच हवं

सर्व्हर सुरू करायला जावं आणि पडद्यावर ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ झळकावं, हे प्रोग्रामिंग करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येतंच. माणूस वैतागतो. पण हा नकार मिळतो म्हणून बरं आहे. तो मिळायला हवा तिथे मिळाला नाही, तर एकासाठी आलेली माहिती भलत्याच प्रोग्रामच्या हाती पडते.

बाहेरून आलेलं पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, कोणत्या प्रोग्रामला द्यायचं, हे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, पत्ता आणि पोर्ट पाहून ठरवतो. पोर्ट हा १६ बिटांचा क्रमांक, म्हणजे ० ते ६५५३५. ‘या पत्त्यावर, या पोर्टवर येईल ते माझं’ असं प्रोग्राम आधी सांगून ठेवतो, त्याला बाइंड म्हणतात. १९८३ मध्ये बर्कलीहून आलेल्या ४.२ बीएसडी युनिक्समधली ही पद्धत अजून तशीच चालू आहे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसाच हा प्रकार.

गंमत आहे ती ‘सगळेच पत्ते माझे’ म्हणणाऱ्यांची. आयपीव्ही४ या इंटरनेट पत्त्यांच्या जुन्या पद्धतीत ०.०.०.० म्हणजे या यंत्राचे सगळे पत्ते. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत त्यासाठी नुसतं :: लिहितात, आणि लिनक्सवर वेगळं काही सांगितलं नसेल तर त्यात आयपीव्ही४ चे पत्तेही येतात. म्हणजे :: वर ८०८० पोर्ट घेतला असेल, तर १२७.०.०.१ या आयपीव्ही४ च्या स्थानिक पत्त्यावर तोच पोर्ट मागणाऱ्याला हात हलवत परत पाठवायला हवं. लिहायला दोन पत्ते वेगळे दिसतात, पण त्यांचा हक्क एकमेकांवर चढतो.

२०२२ च्या शेवटी आलेल्या लिनक्स ६.१ मध्ये या हिशेबाची वही बदलली. आधीची यादी फक्त पोर्टनुसार होती. मोठ्या सर्व्हरवर हजारो पत्ते ४४३ हा एकच पोर्ट वापरतात, आणि प्रत्येक नव्या मागणीला ती अख्खी यादी चाळावी लागे. म्हणून पोर्ट आणि पत्ता दोन्हींवर आधारलेला दुसरा तक्ता आला. वेग वाढला, आणि दुखणीही आली. जोडणी बंद झाल्यावरही लिनक्स तिची नोंद ६० सेकंद राखून ठेवतो. त्या नोंदी नव्या तक्त्यात घालायच्याच राहून गेल्या होत्या. ते निस्तरलं. शिवाय पत्त्यांच्या तुलनेतली एक चूक सुधारताना ‘पत्त्याचं कुटुंब (आयपीव्ही४ की आयपीव्ही६) वेगळं, म्हणजे जुळत नाही’ अशी अट घुसली होती. झालं! :: ने धरलेला पोर्ट १२७.०.०.१ लाही मिळू लागला.

यात काहीही कोसळलं नाही. नोंदवहीत लाल ओळ नाही, कुठे तक्रार नाही. बाइंडने शून्य परत केलं, म्हणजे ‘झालं काम’. मला अशा चुका कर्नल बंद पाडणाऱ्या चुकांपेक्षा वाईट वाटतात.

२०२३ मध्ये दुरुस्तीबरोबर कर्नलच्या चाचण्यांत ‘बाइंड वाइल्डकार्ड’ नावाचा छोटासा सी प्रोग्राम आला. पहिला सॉकेट, म्हणजे प्रोग्रामचं नेटवर्ककडचं टोक, पोर्ट ० मागतो. ० म्हणजे ‘मोकळा असेल तो दे’, आणि लिनक्स एरवी ३२७६८ ते ६०९९९ मधला एक काढून देतो. कोणता मिळाला ते विचारून घ्यायचं आणि दुसऱ्या सॉकेटने नेमका तोच मागायचा. :: विरुद्ध ०.०.०.० असेल तर त्रुटी क्रमांक ९८, म्हणजे तोच ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’, आलाच पाहिजे; बाइंड यशस्वी झालं, तर चाचणी नापास. पण सरसकट नकार देणारा कर्नलही इथे पास झाला असता. म्हणून आयपीव्ही६ चा ::१ हा स्थानिक पत्ता आयपीव्ही४ च्या ०.०.०.० बरोबर सुखाने नांदतो का, तेही पाहिलं जातं. मग क्रम उलटा करून पुन्हा सगळं, कारण आधी कोण आलं यावर तपासणीची वाट बदलते.

२०२४ मध्ये याच भागात आणखी एक भोक सापडलं. आयपीव्ही४ चा पत्ता आयपीव्ही६ च्या वेषात लिहिण्याचीही सोय आहे, आणि त्या वेषातल्या पत्त्यांच्या बाबतीत नव्या तक्त्याचा अंदाज पुन्हा चुकला होता. तेव्हापासून त्या जोड्याही या चाचणीत आहेत.