पायांची पेरं मोजून कुल ठरत नाही

‘जगातला सर्वांत विषारी कोळी, पण दात आखूड म्हणून माणूस वाचतो’ असं सांगणारे निरोप फिरत असतात. सोबतच्या फोटोत बऱ्याचदा हार्वेस्टमन असतो, लांब पायांचा, कोळ्यासारखा दिसणारा जीव. त्याला विषग्रंथी नाहीत, जाळं विणायला रेशीमग्रंथी नाहीत आणि तो कोळीही नाही. कोळ्याच्या शरीराचे दोन भाग स्पष्ट दिसतात, याचं सगळं शरीर एकसंध. घाबरवणारा निरोप पुढे ढकलण्याआधी एवढं तरी पाहावं.

उष्ण कटिबंधातल्या जंगलांत पाचोळ्याखाली राहणारे याचे कित्येक भाईबंद आखूड पायांचे आणि जेमतेम काही मिलिमीटरचे असतात. झालमॉक्सिडी हे त्यांतलंच एक कुल, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट. त्यातली झालमॉक्सिस ही प्रजाती (जवळच्या जातींचा गट) डॅनिश अभ्यासक सोरेन्सन यांनी 1886 मध्ये नोंदवली. पुढे जर्मनीच्या रोवर यांनी 1923 च्या जाडजूड ग्रंथात जगभरचे हार्वेस्टमन मांडले. त्यांची भिस्त पावलांच्या पेरांची संख्या आणि पाठीवरचे काटे यांवर. मोजायला सोपं, पण ही लक्षणं एकाच जातीतही बदलतात, नर-मादीतही फरक पडतो. परिणामी एकेका नमुन्यावर नव्या प्रजाती उभ्या राहिल्या आणि फॅलॅंगोडिडी हे कुल म्हणजे अडगळीची खोली झालं. झालमॉक्सिसही तिथेच पडून होता.

त्याला बाहेर काढलं नराच्या शिश्नाच्या रचनेनं. कोळ्याचा नर तोंडाजवळच्या स्पर्शपादांनी शुक्राणू मादीपर्यंत पोचवतो. हार्वेस्टमनला मात्र खरंखुरं शिश्न असतं, कोळी-विंचवांच्या अष्टपाद वर्गात ही दुर्मीळच गोष्ट. झालमॉक्सिडी ज्या मोठ्या गटात येतात, त्यात या अवयवाला स्वतःचे स्नायू नसतात. शरीरातल्या द्रवाचा दाब वाढला की टोकाशी दडलेली आतली कुपी बाहेर येते, भोवतीच्या कठीण पट्ट्या आणि काटे बाजूला सरकतात. पट्ट्यांची घडण, काट्यांच्या जागा, कुपीचा आकार यांतून नातं उलगडतं. मेलेल्या नमुन्यात दाब कुठून आणायचा? अभ्यासक तो अवयव गरम लॅक्टिक आम्लात ठेवतात, मग शुद्ध पाण्यात सोडतात. तो फुगतो आणि मिटलेली रचना सूक्ष्मदर्शकाखाली उलगडते. मला या शास्त्रातली ही सर्वांत देखणी युक्ती वाटते.

या कुलाचे सदस्य मध्य आणि दक्षिण अमेरिकेत आहेत, तसेच न्यू गिनी, क्वीन्सलँड, फिजीतही. 2012 मध्ये अभ्यासक प्रशांत शर्मा आणि गोन्झालो गिरिबेत यांनी डीएनएवरून त्यांची वंशावळ मांडली. मूळ अमेरिकेतलं निघालं. क्रेटेशियस, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या कालखंडाच्या उत्तरार्धात तिथली एक शाखा पॅसिफिकच्या पश्चिमेकडे पोचली आणि तिथल्या सगळ्या जाती तिच्यातूनच फुटल्या.