संगणकातील डिजिटल प्रमाणपत्रे

संगणकातील डिजिटल प्रमाणपत्रे : अमुक सार्वजनिक किल्ली अमुक व्यक्तीची, संस्थेची किंवा संकेतस्थळाची आहे, अशी ग्वाही देणारी छोटी फाइल म्हणजे डिजिटल प्रमाणपत्र. सार्वजनिक किल्ली म्हणजे सही पडताळण्यासाठी किंवा मजकूर कूटबद्ध (किल्लीशिवाय वाचता न येणारा) करण्यासाठी सर्वांना दिला जाणारा संकेतांक; तिची जोडीदार खासगी किल्ली मालकापाशीच राहते. तिची रचना एक्स ५०९ या मानकाप्रमाणे असते. हे मानक १९८८ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झाले.

नागपुरात ही वस्तू ‘डीएससी’ (डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट, म्हणजे डिजिटल सहीचे प्रमाणपत्र) किंवा, ती ज्या यूएसबी टोकनमध्ये मिळते त्यावरून, नुसती ‘डोंगल’ म्हणून ओळखली जाते. विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ, वेस्टर्न कोलफील्ड्स यांची मुख्यालये शहरातच असल्याने ई-निविदा भरणारे कंत्राटदार पुष्कळ, आणि डीएससीवाचून त्यांचे चालत नाही. बोलण्यात मात्र एक गफलत होते. ‘सीए’ म्हणजे धंतोलीतला चार्टर्ड अकाउंटंटही आणि प्रमाणपत्र देणारी सर्टिफाइंग अथॉरिटीही. या दुसऱ्या सीएला परवाना मिळतो तो माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० खाली नेमलेल्या नियंत्रकाकडून. २०२१ पासून क्लास २ (ओळख-पडताळणीची खालची पातळी) प्रमाणपत्रे देणे बंद झाले असून आता वरच्या पातळीचे क्लास ३ घ्यावे लागते.

विंडोजमध्ये ‘रन’च्या चौकटीत सर्टएमजीआर डॉट एमएससी ही आज्ञा रोमन लिपीत दिली की सगळी प्रमाणपत्रे कप्प्याकप्प्याने दिसतात. ‘पर्सनल’ कप्प्यात आपली स्वतःची असतात. नावावर दोनदा क्लिक केल्यास ते कोणाला दिले, कोणी दिले, मुदत कधीपर्यंत, हे कळते. त्याची खासगी किल्ली उपलब्ध असेल तर खाली तशी ओळही येते. टोकन काढल्यावरही प्रमाणपत्र काही वेळा यादीत राहते, पण किल्ली टोकनमध्येच असल्याने सही होत नाही. मॅकवर हेच काम ‘कीचेन ॲक्सेस’मध्ये होते.

‘ट्रस्टेड रूट’ हा कप्पा सर्वांत नाजूक. त्यात ज्याचे मूळ प्रमाणपत्र, त्याने दिलेल्या पुढच्या साऱ्या प्रमाणपत्रांवर संगणक विश्वास ठेवतो. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या संकेतस्थळांच्या नावे अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले. भारतीय नियंत्रकाचे मूळ प्रमाणपत्र विंडोजच्या यादीत होते, म्हणून त्या यादीवर विसंबणाऱ्या प्रणालींना धोका होता; स्वतःची वेगळी यादी बाळगणाऱ्या फायरफॉक्समध्ये ते नव्हते. एखादे पोर्टल उघडेना म्हणून कोणी पाठवलेले मूळ प्रमाणपत्र न तपासता या कप्प्यात टाकणे म्हणूनच घातक आहे.

सहीचे मुदत संपलेले प्रमाणपत्र ‘पर्सनल’मधून काढले तर सही करताना चुकीचे निवडले जात नाही. कूटबद्ध करण्याचे मात्र मुदतीनंतरही जपावे, कारण त्याच्या खासगी किल्लीशिवाय जुनी कागदपत्रे उघडत नाहीत. प्रमाणपत्राची प्रत फाइल म्हणून काढली तर सीईआर फाइलमध्ये फक्त प्रमाणपत्र असते, तर पीएफएक्समध्ये खासगी किल्लीही असते. पीएफएक्स फाइल व्हॉट्सॲपवर कुणालाही पाठवू नये.

डोंगल आणि पिन दोन्ही अकाउंटंटच्या कार्यालयात ठेवण्याची सवय सोयीची खरी, पण अधिनियमाचे कलम ४२ खासगी किल्ली ताब्यात ठेवण्याची जबाबदारी प्रमाणपत्रधारकावरच टाकते. किल्ली दुसऱ्याच्या हाती गेल्यास सर्टिफाइंग अथॉरिटीला विनाविलंब कळवावे लागते. संगणकातून प्रमाणपत्र खोडल्याने ते रद्द होत नाही, फक्त त्या यंत्रावरची प्रत जाते. रद्द ते देणारी संस्थाच करते आणि तसे आपल्या रद्द यादीत जाहीर करते.