निक्सी नळी : घरगुती निर्मितीतील निर्वात

निक्सी नळी ही निऑनप्रधान वायूने भरलेली, अंक दाखविणारी शीत-ऋणाग्र विसर्जन नळी आहे, म्हणजे तिचे ऋणाग्र (ऋण विद्युत् टोक) न तापवता वायूतून वीज वाहून ती उजळते. बरोज कंपनीने ती १९५५ च्या सुमारास बाजारात आणली. मूळ काम हेडू ब्रदर्स यांच्या प्रयोगशाळेतील असल्याचे सामान्यतः मानले जाते. तथापि अंकाकृती ऋणाग्रांची कल्पना १९३० नंतरच्या दशकातील एकस्वांतही (पेटंटांतही) आढळते, त्यामुळे एकाच संशोधकाला श्रेय देणे युक्त ठरत नाही. कारखानी उत्पादन थांबल्यावर काही हौशी कारागिरांनी ही कला पुन्हा हस्तगत केली असून, त्यांत चेक प्रजासत्ताकातील दालिबोर फार्नी यांचे काम सर्वांत परिचित आहे.

भरलेल्या वायूचा अंतिम दाब दहा मिलिबारच्या काही पट असतो (वातावरणाचा दाब सुमारे १,००० मिलिबार). मग त्याआधी उच्च निर्वात, म्हणजे जवळजवळ सर्व हवा काढून टाकणे, कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर वायूच्या शुद्धतेत आहे. समजा २५ मिलिबार निऑन भरायचा आहे. नळीत ०·०१ मिलिबार हवा उरली असेल, तर अशुद्धी दहा लाखांत ४०० भाग होते, तर ०·००००१ मिलिबारला ती अर्ध्या भागाहूनही कमी राहते. निऑनमध्ये थोडा आर्गॉन मिसळला की निऑनचे मितस्थायी (काही काळ जादा ऊर्जा साठवून ठेवणारे) अणू आर्गॉनचे आयनीभवन करतात, म्हणजे त्याच्या अणूंतून इलेक्ट्रॉन काढून त्यांना विद्युत् भारित करतात, आणि नळी कमी व्होल्टला पेटते. पाण्याची वाफ, नायट्रोजन किंवा हायड्रोजन मात्र हीच ऊर्जा मध्येच हिरावून घेतात. त्यामुळे पेटण्यास अधिक व्होल्ट लागतात व दीप्तीचा रंगही बिघडतो.

निऑन पाट्यांच्या परंपरेतील कारागीर द्विपदी (दोन टप्प्यांचा) घूर्णी पंप, म्हणजे फिरत्या भागाने हवा बाहेर ढकलणारा पंप, पुरेसा मानतात. त्याची मर्यादा उत्तम स्थितीत सुमारे ०·००१ मिलिबार असते. इतरांच्या मते त्याच्या जोडीला याहून कमी दाब गाठणारा विसरण (बाष्पाच्या झोताने वायू ओढणारा) किंवा टर्बोरेणवीय (वेगवान पात्यांनी रेणू ढकलणारा) पंप हवाच. पंपाच्या मर्यादेपेक्षा काच व धातू यांतून सुटणारा वायू अधिक निर्णायक असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र भाजणी (नळी तापवून तिच्यातील वायू काढणे) नीट झाली नसेल, तर उत्तम पंपही फारसा उपयोगी पडत नाही. म्हणून पंप चालू असतानाच नळी काही तास सुमारे ३०० ते ३५०° से. ला तापवतात आणि ऋणाग्रे विसर्जनाने किंवा प्रवर्तन तापनाने (बाहेरील वेटोळ्यातील प्रत्यावर्ती विद्युत् प्रवाहाने) वेगळी तापवून घेतात. घूर्णी पंपाच्या तेलाची वाफ उलट येऊ नये म्हणून मधल्या नळीत झिओलाइटचा (वाफ शोषणाऱ्या सच्छिद्र खनिजाचा) सापळा बसवितात.

दुसरी अडचण उपसा-नळीची, म्हणजे निक्सी नळीतील हवा पंपाकडे नेणाऱ्या बारीक नळीची. रेणवीय प्रवाहात (दाब इतका कमी की रेणू एकमेकांपेक्षा भिंतींवरच अधिक आदळतात) वहनक्षमता व्यासाच्या घनाच्या प्रमाणात व लांबीच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ४ मिमी. व्यासाच्या, १० सेंमी. लांब नळीतून हवेचा उपसा सेकंदाला सुमारे ०·०८ लिटर एवढाच होतो, मग पंप कितीही मोठा असो. त्यामुळे ही नळी शक्य तितकी आखूड व रुंद ठेवून, बंद करण्याच्या जागीच ती निमुळती करणे श्रेयस्कर.

दाबाच्या मापनासाठी पिरानी मापी (तप्त तारेच्या थंड होण्यावरून दाब सांगणारा) सोयीचा असला, तरी त्याचे अंशन हवेसाठी असते व निऑनचा दाब तो चुकीचा दाखवितो. वायू भरताना पटल-धारिता मापी वापरावा; तो पातळ पटलाच्या वाकण्यावरून दाब मोजतो, म्हणून वायू कोणता यावर अवलंबून नसतो. झडप बंद करून दाब कसा वाढतो ते पाहिल्यास गळती व वायूत्सर्ग (काच-धातूतून सुटणारा वायू) यांतील भेद कळतो: गळतीत वाढ एकसारखी होते, तर वायूत्सर्गात ती हळूहळू मंदावते.