रेघ कुठे ठेवली?

सागवानी चौकट आधीच करून घेतली, तिथंच चुकलं. आतलं माप ३० बाय ४५ सेंटिमीटर. त्यात काचेचा खंड्या बसवायचा होता: निळी पाठ, तपकिरी डोकं, पांढरा गळा, लाल चोच आणि मागे हिरवट पाणी. कागदावर चित्र मापात काढलं, रेघांवरून कात्रीनं तुकडे केले, एकेक तुकडा काचेवर ठेवून काच कापली. सगळे तुकडे टेबलावर मांडले तेव्हा खंड्या चौकटीत चपखल बसला होता. मग तुकड्यांच्या मधे शिशाच्या पट्ट्या घालायला घेतल्या आणि दुपारपर्यंत त्याची शेपटी चौकटीबाहेर गेली.

स्टेन्ड ग्लासचा, म्हणजे रंगीत काचेच्या चित्रांचा, वर्ग घेणाऱ्या बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "तुकडे छान कापलेत हो तुम्ही," त्या म्हणाल्या. "पण रेघ कुठे ठेवलीत?"

भूमितीच्या पुस्तकात रेषेला लांबी असते, रुंदी नसते. स्टेन्ड ग्लासमध्ये रेघ म्हणजे शिसं. इंग्रजी एच हे अक्षर आडवं पाडलं तर जसं दिसेल तसा त्या पट्टीचा छेद असतो. वर-खाली दोन पाती, मधे उभी भिंत, आणि दोन्ही बाजूंच्या खाचांमध्ये काच. पाती काचेच्या कडा झाकतात, त्यांचा मापाला त्रास नाही. त्रास मधल्या भिंतीचा. तिला या धंद्यात 'हार्ट' म्हणतात आणि ती साधारण १.६ मिलिमीटर जाड असते. माझ्या खंड्याच्या पोटातून आडवं मोजलं तर नऊ तुकडे, म्हणजे आठ जोड. आठ गुणिले १.६ म्हणजे जवळजवळ १३ मिलिमीटर. शेपटी तेवढीच बाहेर होती.

शिवणकाम येणाऱ्याला हे उलटं वाटेल. ब्लाउज बेतताना शिवणीसाठी माया सोडतात, कापड थोडं जास्त घेतात. काचेला माया सोडायची नसते, काढून घ्यायची असते. त्यासाठी एक गमतीशीर कात्री मिळते. तिला तीन पाती असतात, दोन एका बाजूला आणि त्यांच्या फटीत उतरणारं तिसरं. रेघेवरून ती चालवली की दोन तुकड्यांच्या मधून कागदाची बारीक शेवई गुंडाळी होऊन बाहेर पडते. ती शेवई म्हणजे शिशाची जागा. शिशाऐवजी तुकड्यांच्या कडांना तांब्याची पातळ चिकटपट्टी लावून झाळायचं असेल, तर जागा निम्मीच, ०.८ मिलिमीटरच्या आसपास लागते. म्हणून त्या कामाची कात्री वेगळी. काही कारागीर कागदी तुकडे करतच नाहीत. ते आराखड्यावरची रेघच हार्टच्या जाडीची काढतात, काच तिच्यावर ठेवतात आणि रेघेच्या आतल्या काठानं कापतात. काच पारदर्शक असल्याचा हा फायदा. भरतकामाचा नमुना कापडावर उतरवायचा तर कागदाला सुईनं भोकं पाडा, रॉकेलमध्ये कालवलेली नीळ फिरवा, असे उद्योग करावे लागतात. इथे काच ठेवली की नमुना आपोआप वर येतो. दुधी किंवा गडद काच असेल तरच कागदी साचा किंवा खालून दिवा लागतो.

एवढी काळजी घेऊनही चूक शिरतेच, आणि कुठल्या प्रकारची चूक शिरते याला महत्त्व आहे. समजा एका रांगेत दहा तुकडे आहेत आणि प्रत्येक तुकडा अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतो, कधी मोठा, कधी लहान. अशा चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खाऊन टाकतात. संख्याशास्त्राच्या हिशेबानं एकूण फरक दहापट वाढत नाही, दहाच्या वर्गमुळाइतकाच वाढतो, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर. पण मार्करचं टोक जाड आहे आणि तुम्ही दर वेळी त्याच्या बाहेरच्या काठानं कापताय, तर प्रत्येक तुकडा अर्धा मिलिमीटर मोठाच होणार. मग फरक पुरा पाच मिलिमीटरचा. हात थरथरणाऱ्या नवशिक्याचं काम चौकटीत बसतं आणि स्थिर हाताच्या माणसाचं बसत नाही, असं त्यामुळे होऊ शकतं. माझा हात तसा स्थिर आहे.

नमुना काचेवर उतरवण्याची सगळ्यांत जुनी तपशीलवार कृती बाराव्या शतकातल्या एका लॅटिन हस्तलिखितात मिळते. लिहिणारा स्वतःला थिओफिलस म्हणवतो. हे टोपणनाव, बहुधा एखाद्या जर्मन मठातल्या कारागीर साधूचं. तो सांगतो: खिडकीहून मोठी सपाट फळी घ्या. तिच्यावर खडू खरवडून भुकटी पसरा, पाणी शिंपडा, फडक्यानं चोळा. वाळली की शिशाच्या किंवा कथिलाच्या तुकड्यानं खिडकीचं चित्र तिच्यावर काढा आणि कुठल्या भागात कुठला रंग ते अक्षरांनी लिहून ठेवा. मग काच फळीवर ठेवून खालची रेघ खडूनं गिरवा आणि कापा. पुढे तुकडे जोडायचेही याच फळीवर. नकाशा, कापायचं टेबल आणि जोडायचं टेबल, तिन्ही कामं एकाच लाकडावर. खिडकी झाली की फळी पुसून पुढच्या खिडकीला तयार, त्यामुळे अशा फळ्या जवळजवळ उरल्याच नाहीत. स्पेनमधल्या जिरोना शहरात चौदाव्या शतकातल्या दोन सापडल्या, आणि त्यांच्यावरचे आराखडे तिथल्या कॅथेड्रलच्या खिडक्यांशी जुळले. कागद मुबलक झाल्यावर फळी मागे पडली. इटलीत इ.स. १४००च्या सुमारास चेन्निनो चेन्निनी हा चित्रकार लिहितो की काचेचे कारागीर खिडकीचं माप घेऊन आपल्याकडे येतात आणि मग कागद चिकटवून चिकटवून खिडकीएवढा करावा लागतो. या मोठ्या जाड कागदाला इटालियनमध्ये कार्तोने म्हणतात आणि त्यावरूनच कार्टून. व्यंगचित्राला तो शब्द १८४३ साली लंडनच्या 'पंच' साप्ताहिकानं चिकटवला, तोही पार्लमेंटच्या भिंतीचित्रांसाठी भरलेल्या कार्टूनांच्या प्रदर्शनाची टर उडवताना. काचवाले मात्र अजून खिडकीएवढ्या गंभीर चित्रालाच कार्टून म्हणतात.

आता खरी गोम. रेघ कुठे ठेवायची हे चित्रकार ठरवतो असं वाटतं, पण निम्मं काचच ठरवते.

फोटोफ्रेमच्या दुकानात काच कापायची हिरकणी चालताना पाहिली असेल. पट्टीला लावून एकदाच ओढतात, खर्र असा आवाज येतो, मग काच दोन्ही हातांनी धरून किंचित वाकवतात आणि टक्. हिरकणीनं काच कापली जात नाही. ती फक्त एक बारीक चीर पाडते, पुढचं काम काच स्वतः करते. असं का, ते ॲलन ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्यानं १९२१ साली दाखवलं. अणूंमधल्या बंधांचा हिशेब केला तर काच आहे त्याच्या कितीतरी पट मजबूत असायला हवी. तशी ती नसते, कारण तिच्या अंगावर डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा असतात आणि बाहेरून दिलेला ताण चिरेच्या टोकाशी गोळा होतो. चीर वाढली की काचेत साठलेली ताणाची ऊर्जा मोकळी होते आणि नवा पृष्ठभाग तयार करण्यात ऊर्जा खर्चही पडते. जमा खर्चापेक्षा वाढली की चीर सुसाट धावते. लोखंड अशा वेळी चिरेच्या टोकाशी थोडं पसरून ताण सैल करतं. काचेला ती सवय नाही.

आणि ताण चिरेच्या टोकासारखाच आत वळलेल्या कोपऱ्यातही गोळा होतो. म्हणून काचेतून गोल कापता येतो, पान कापता येतं, थोडा आतला बाकही जमतो, पण इंग्रजी एल कापायला जाल तर आतल्या कोपऱ्यातून चीर सरळ पुढे पळते. ओरखडा काटकोनात वळला म्हणून चीरही वळेल, असं नसतं.

खंड्याची चोच काढताना मला हे माहीत नव्हतं. चोच स्वतः सोपी, लांबट त्रिकोण. पण चोचीच्या मागचं पाणी? चोच जिथे बाहेर येते तिथे पाण्याच्या तुकड्याला तेवढीच आत गेलेली खाच हवी. पक्ष्याची प्रत्येक फुगीर बाजू ही पार्श्वभूमीची खोलगट बाजू असते, हे कागदावर कधी जाणवत नाही. पाण्याचा तुकडा तीनदा कापला आणि तीनदा एकाच जागी, चोचीच्या टोकाशी, मोडला. तिसऱ्यांदा तर मला त्या चिरेचा मार्ग आधीच सांगता आला असता. बाईंनी पेन्सिल घेतली आणि चोचीच्या टोकापासून काठापर्यंत एक लव्हाळ्याची काडी काढली. पाण्याचे दोन तुकडे झाले, दोन्ही कापायला सोपे. काच जिथे मोडणार होती तिथेच आम्ही रेघ दिली, एवढंच.

तेव्हापासून काचेच्या खिडक्या बघायची माझी पद्धत बिघडली आहे. संताच्या चेहऱ्याआधी त्याच्या कोपराकडे नजर जाते. कोपरापासून, खांद्यापासून, बोटांच्या टोकापासून चौकटीकडे निघालेल्या, चित्रात काही अर्थ नसलेल्या रेघा असतात. त्या चित्रासाठी नसतातच. चांगला कारागीर तिथे झाडाची फांदी, पदराची घडी किंवा ढगाची कड आणून ती रेघ लपवतो. कच्चा कारागीर नुसती रेघ ओढतो. रेघ न देता रंग बदलायची एक वाट युरोपात चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला सापडली: काचेवर चांदीच्या क्षारांचा लेप देऊन भट्टीत भाजायचं. चांदीचे आयन काचेतल्या सोडियम-पोटॅशियमच्या जागा घेतात, त्यांचे अतिसूक्ष्म कण बनतात आणि काच तेवढ्या भागात पिवळी होते. पांढरा चेहरा आणि सोनेरी केस एकाच तुकड्यात, मधे शिसं नाही. गोव्यातल्या जुन्या घरांच्या शिंपल्यांच्या खिडक्यांमध्ये असली सोय नाही. शिंपला जेवढा मोठा, तेवढाच खिडकीचा एक खण, आणि लाकडी पट्ट्यांची जाळी त्यावरून ठरते.

काचेनंतर रेघेवर हक्क सांगतं ते गुरुत्वाकर्षण. शिसं मऊ. चित्रात एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग सरळ रेघ गेली तर तिथे बिजागरी तयार होते आणि उभं केलेलं पॅनेल त्या रेघेत दुमडायला बघतं. गवंडी विटांचे उभे सांधे एकावर एक येऊ देत नाही, तसंच इथेही सांधे मोडत न्यायचे असतात. मोठ्या खिडकीत तेवढ्यानं भागत नाही, लोखंडी सळ्या लागतात. फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलमध्ये तेराव्या शतकातल्या कारागिरांनी त्या लपवायचा प्रयत्नच केला नाही. लोखंडालाच गोल आणि चौकटींचे आकार दिले आणि गोष्टींची चित्रं त्यात बसवली. दगडाचंही ऐकावं लागतं. मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहात बारा राशींची चित्रं असलेली मोठी गोल खिडकी आहे. अशा खिडकीचे गाळे कागदावर एकसारखे असले तरी दगडात घडवताना ते थोडेफार फरकानं उतरतात, म्हणून एका गाळ्याचा साचा सगळ्यांना लावून चालत नाही. प्रत्येकाचं माप जागेवर कागद लावून घ्यावं लागतं.

सपाट कागदाचा नमुना गोलावर उतरवायची वेळ आली तर पंचाईत वाढते. गोल पृष्ठभाग न ताणता सपाट करता येत नाही, हे नकाशे काढणाऱ्यांचं जुनं दुखणं. न्यूयॉर्कच्या टिफनी स्टुडिओत दिव्यांच्या काचेच्या छत्र्या बनत. तिथे नमुना थेट लाकडी साच्यावर उतरवून तुकडे त्याच्यावरच जुळवत. तांब्याची पट्टी वापरल्यामुळे बारीक तुकडे वळणावर बसत. काचा निवडून कापणाऱ्या स्त्रियांच्या विभागाची प्रमुख होती क्लारा ड्रिस्कॉल. विस्टेरिया आणि ड्रॅगनफ्लाय या गाजलेल्या दिव्यांची कल्पना मालक टिफनीची नसून तिची होती, हे तिची घरी लिहिलेली पत्रं एकविसाव्या शतकात अभ्यासकांच्या हाती लागल्यावर कळलं. एका विस्टेरिया छत्रीत जवळजवळ दोन हजार तुकडे असतात. एवढ्या वेळा गिरवायचं तर कागद फाटणार, म्हणून साचे पितळेचे असत.

माझा खंड्या शेवटी असा झाला: सुताराला सांगून नवी, थोडी मोठी चौकट केली. चौकट बदलणं हे आकार बदलण्यापेक्षा स्वस्त पडतं. शिशाच्या जोडांना झाळ दिला, हात साबणानं दोनदा धुतले (शिसं हाताळल्यावर जेवायच्या आधी हे करायचंच), आणि पॅनेल पूर्वेच्या खिडकीत टांगलं.

कागदावर मला त्या रेघा जाड, ओबडधोबड वाटल्या होत्या. सकाळी नऊच्या उन्हात त्या निम्म्या झाल्या. उजळ भागाचा प्रकाश डोळ्यात शिरताना थोडा विखुरतो आणि शेजारचा काळा भाग कुरतडतो. व्हियोले-ल-द्युक या फ्रेंच वास्तुविशारदानं एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवलंय की निळी काच यात सगळ्यांत पुढे असते, ती शेजारच्या रंगांवर पसरते. खंड्याच्या पाठीजवळची रेघ खरोखरच सगळ्यांत बारीक दिसते. पट्टी लावून मोजलं, तर बाकीच्यांइतकीच रुंद आहे.

रात्री खोलीत दिवा लावला की उलटं होतं. बाहेर अंधार, त्यामुळे निळा, तपकिरी, लाल, सगळे रंग विझतात आणि शिशावर दिव्याची चकाकी येते. काळ्या काचेवर फक्त रेघा उरतात, लव्हाळ्याच्या काडीसकट. परवा पाहुणे आले होते, त्यांनी विचारलं, ही काडी त्याच्या चोचीत का धरून ठेवलीय?