खळ, दोरा आणि चिकटपट्टी : पुस्तकदुरुस्तीच्या साहित्यामागचा इतिहास

पुस्तकबांधणी शिकणाऱ्याच्या हाती पहिल्यांदा येणारी हत्यारं फार जुनी आहेत : दाभण, सुई, दोरा, घडी बसवायची हाडाची पट्टी, दाबायला प्रेस. इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ १९४५ साली सापडलेली चौथ्या शतकातली हस्तलिखितं चामड्याच्या वेष्टनात बांधलेली होती. शिवून, वर चामडं चढवून पुस्तक करायचं, ही रीत इतकी जुनी.

हत्यारं टिकली, घात झाला तो साहित्यात. एकोणिसाव्या शतकात पुस्तकांची मागणी वाढली आणि चिंध्यांच्या लगद्याची जागा लाकडाच्या लगद्याने घेतली. शाई फुटू नये म्हणून त्यात तुरटी आणि राळ घालत. त्यातलं आम्ल कागदाला आतून खात राहिलं. म्हणूनच त्या काळातल्या कित्येक पुस्तकांची पानं दुमडली की तुकडा हातात येतो. चामड्याचंही तेच. झटपट कमावलेल्या चामड्याच्या कण्यावरून, म्हणजे पुस्तकाच्या पाठीवरून, बोट फिरवलं तर तांबूस भुकटी बोटाला लागते. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने यासाठी समिती नेमली आणि तिचा अहवाल १९०१ साली आला. त्याच वर्षी इंग्रज बाइंडर डग्लस कॉकरेल यांचं ‘बुकबाइंडिंग अँड द केअर ऑफ बुक्स’ प्रसिद्ध झालं. उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी करून मिळणारं ज्ञान त्यांनी आकृत्यांसह, पायरीपायरीने मांडलं. ते आजही उपयोगी पडतं.

विसाव्या शतकात दुरुस्तीनेच जास्त नुकसान केलं, असं माझं स्पष्ट मत आहे. १९३० साली पारदर्शक चिकटपट्टी बाजारात आली आणि फाटलेलं पान जोडणं सोपं झालं. पण तिचा गोंद कागदात मुरतो, आधी पिवळा, मग तपकिरी होतो. पट्टी गळून पडते, डाग राहतो. अमेरिकेतले दस्तऐवज-दुरुस्तीकार विल्यम बॅरो यांनी कागदाच्या ऱ्हासामागे आम्ल असल्याचं दाखवून दिलं, हे त्यांचं मोठं काम. मात्र दस्तऐवज सेल्युलोज ॲसिटेटच्या पातळ थरांत बंद करायची त्यांची पद्धत पुढे डोकेदुखी ठरली. तो थर काढणं महाकठीण.

खरं वळण मिळालं ४ नोव्हेंबर १९६६ रोजी. आर्नो नदीचा पूर इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिरला आणि असंख्य जुने ग्रंथ चिखला-तेलात बुडाले. मदतीला गेलेल्या बाइंडरांत पीटर वॉटर्स आणि ख्रिस्तोफर क्लार्कसन होते. पुठ्ठ्याशिवाय, अगदी कमी चिकटवून केलेल्या लवचिक चर्मपत्री (लिहिण्यासाठी तयार केलेल्या कातड्याच्या) बांधण्या पुरातही बऱ्यापैकी तगल्या, हे क्लार्कसन यांनी हेरलं. केलेली दुरुस्ती पुढे सोडवता आली पाहिजे, हा आग्रह तिथून पक्का होत गेला.

दुरुस्तीच्या साहित्यात आज गव्हाच्या स्टार्चची खळ, लांब तंतूंचा जपानी कागद आणि आम्लरहित पुठ्ठा दिसतो तो यामुळेच. खळ ओलाव्याने सुटते. पीव्हीए हा पांढरा कृत्रिम गोंद नव्या बांधणीला चांगला, पण वाळला की सहजी निघत नाही. जुन्या पुस्तकाच्या कण्याला तो लावू नये.