मलम लावण्याआधी पुरळ नीट पाहा

त्वचेला काही खुपले की ते दाखवायचे मार्ग तिच्याकडे मोजकेच असतात. रक्तवाहिन्या रुंदावल्या की लाली येते. त्यांतून द्रव पाझरला की सूज येते किंवा पाण्याचे फोड उठतात. वरच्या थरातल्या पेशी भराभर वाढल्या की पापुद्रे सुटतात. बुरशी, विषाणू, एखादे औषध, दागिन्यातला धातू, शरीराचीच भरकटलेली प्रतिकारशक्ती, कारण कुठलेही असो, त्वचेकडे साधने हीच. म्हणून दोन अगदी निराळे आजार वरवर सारखे दिसतात, आणि एकाला लागू पडलेले मलम दुसऱ्याला चिघळवते.

लंडनचे डॉक्टर रॉबर्ट विलन यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस त्वचारोगांची वर्गवारी दिसण्यावरून करायला घेतली: सपाट डाग, पुटकुळ्या, पाण्याचे फोड, पुवाचे फोड, खवले. आज कितीतरी कारणे ठाऊक झाली आहेत, तरी तपासणीची सुरुवात अजून तिथूनच होते. त्यात वेळ आणि जागा या दोन गोष्टींची भर घातली की निम्मे निदान हाती येते, असे मला वाटते.

आधी वेळेचे पाहू. अंगावर पित्त उठते तेव्हा त्वचेतल्या मास्ट पेशी हिस्टामिन हे रसायन सोडतात आणि काही मिनिटांत गांधी उठतात. एक गांध सहसा २४ तासांच्या आत विरून जाते, पण तोवर दुसरीकडे नवी उठलेली असते. त्यामुळे तेच पुरळ चार दिवस अंगावर आहे असे वाटत राहते. यावर सोपा उपाय आहे. एका गांधीभोवती पेनाने रेघ ओढा आणि वेळ लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी रेघेच्या आतली त्वचा स्वच्छ झाली असेल, तर ते नेहमीचे पित्त. गांध तिथेच ठाण मांडून बसली असेल, खाजेपेक्षा जळजळ जास्त असेल आणि जाताना काळानिळा डाग ठेवत असेल, तर बारीक रक्तवाहिन्यांना दाह झालेला असू शकतो. मग त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासावा लागतो. गांधी बहुतेकदा डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत नाहीशा होतात, म्हणून त्यांचा फोटो काढून ठेवावा.

निकेलची ॲलर्जी मात्र सावकाश काम करते. बाह्यत्वचेतल्या लँगरहान्स पेशी या धातूचा अंश लसिका ग्रंथींपर्यंत नेतात आणि तिथे प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी त्याची ओळख लक्षात ठेवतात. पुढे कधी तो धातू त्वचेला लागला की एक-दोन दिवसांनी खाजरा, पाणी सुटणारा इसब उमटतो. 'इतकी वर्षे हेच घड्याळ घालतोय, मग आत्ताच कसे?' हा प्रश्न त्यामुळेच पडतो. ही ओळख पहिल्या वर्षी पटते तशी दहाव्या वर्षीही पटू शकते. कानाची पाळी, घड्याळाखालचे मनगट, बेंबीखाली पँटच्या बटणाची जागा, इथे इसब दिसला की संशय घ्यावाच.

याची खात्री करणारी पॅच टेस्ट योझेफ यादासोन यांनी १८९५ साली मांडली. पाठीवर संशयित पदार्थांच्या लहान पट्ट्या चिकटवतात, ४८ तासांनी काढून त्वचा पाहतात आणि ७२ ते ९६ तासांच्या सुमारास पुन्हा पाहतात. ही दुसरी फेरी टाळू नये, कारण काही प्रतिक्रिया तेव्हाच उमटतात. रक्ताची नेहमीची ॲलर्जी चाचणी इथे उपयोगी पडत नाही. ती आयजीई प्रतिपिंडे मोजते, आणि इथला सगळा कारभार टी-पेशींचा असतो.

जागाही बरेच सांगते. अंगाच्या एकाच बाजूला, पट्ट्याच्या आकारात फोड आणि त्याआधी दोन-तीन दिवस तिथेच ठणका, ही नागीण. तिची औषधे पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झालेली बरी, म्हणून थांबून पाहू नये. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुरळ, रात्री वाढणारी खाज आणि घरात आणखी कोणी खाजवत असेल, तर खरूज. तिचा किडा अर्ध्या मिलिमीटरहून लहान असतो आणि त्वचेच्या वरच्या थरात बीळ करून राहतो. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायला ४ ते ६ आठवडे लागतात, आणि तेवढ्या काळात ती घरभर पसरलेली असते. खाज नसलेल्यांनीही एकाच वेळी औषध लावायचे ते यासाठी.

गजकर्णाबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचे आहे. कडेला उठाव, मध्ये फिकट होत जाणारे वर्तुळ, ही बुरशी ओळखायची चाचणी अगदी साधी आहे. वर्तुळाच्या कडेवरचे पापुद्रे बोथट पात्याने खरवडून काचपट्टीवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि काही मिनिटे थांबतात. त्वचेच्या पेशी विरघळत जातात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मुळांसारखे फाटे फुटलेले बुरशीचे तंतू तेवढे उरतात. अशी तपासणी होण्याआधीच स्टेरॉइडचे मलम लावले तर लाली ओसरते, खाज थांबते, कड पुसट होते आणि आत बुरशी बिनबोभाट पसरते. मलम थांबवले की दुप्पट जोराने वर येते. ओळखू न येणाऱ्या या गजकर्णाचे वर्णन १९६८ सालीच झाले आहे, तरी दुसऱ्याला गुण आलेली ट्यूब मागून आणून लावणे काही थांबलेले नाही.

सावळ्या आणि काळ्या त्वचेवर लाली लाल दिसत नाही. ती जांभळट, राखाडी किंवा नुसती गडद दिसते. पुस्तकांतली चित्रे बहुतेक गोऱ्या त्वचेची असल्यामुळे ती चटकन नजरेतून सुटते, म्हणून बोट फिरवून ऊब आणि उठाव पाहावा.

ताप आलेल्या माणसाच्या अंगावर लाल-जांभळे ठिपके दिसले तर पारदर्शक काचेचा पेला त्यांवर दाबून पाहा. दाबाखाली ठिपके फिके झाले नाहीत, तर रक्त वाहिनीबाहेर आलेले आहे. मेनिंगोकॉकस जिवाणूच्या संसर्गात असे होते आणि त्यात तासांचा हिशेब असतो, तेव्हा थेट रुग्णालय गाठावे. गडद त्वचेवर ही परीक्षा तळहात, तळपाय अशा फिकट जागी करावी. ठिपके फिके झाले तरी माणूस झपाट्याने खालावत असेल तर वाट पाहू नये. पुरळासोबत ओठ-जीभ सुजणे, श्वास अडकणे, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा होणे, त्वचा दुखून सोलवटणे, यांनाही तोच नियम.

हे शेवटचे पुष्कळदा औषधाने होते. औषधाचे साधे पुरळही नवे औषध सुरू केल्यावर साधारण ४ ते १४ दिवसांनी उठते, म्हणून डॉक्टरांना कालच्याच नव्हे तर मागच्या महिन्यातल्या गोळ्याही सांगाव्यात. कधीमधी घेतलेली दुखण्यावरची गोळी बहुतेकजण औषधांत धरतच नाहीत. पण ओठावर किंवा हातावर तोच गोल, गडद डाग दर वेळी नेमका त्याच जागी चेतत असेल, तर बहुधा अशीच एखादी गोळी त्यामागे असते. पुढच्या वेळी डाग चेतला की आदल्या दिवशी काय घेतले होते ते लिहून काढा आणि त्या गोळीचे पाकीट डॉक्टरांना दाखवा.